कडी लावून जोर काढणारे आबा

हे लिहायला बसलो तेव्हापासून मनात एकच येतं आहे, की हे लिहिणारा मी कोण. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलं असेल तर ते वडिलांनी, आणि तेही सहीपुरतं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, आणि तिथे साधा निबंधसुद्धा भीत भीत लिहायचो. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्याचं सगळं आयुष्य एका देवाशी बांधलेलं होतं, आणि तो देव आमच्या घरात नाही. आजोबांनी छप्पन साली देव्हारा मोकळा केला, तेव्हापासून त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आहे. तेव्हा माझ्याकडून काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर आबांच्या गावच्या लोकांनी राग धरू नये. पण बारामतीतला तो हिवाळा आबांच्या सोबत काढलेला माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही, म्हणून लिहितो.

आबा चालायचे ते पुढे झुकून. मोकळ्या रस्त्यावरही असं वाटायचं की त्यांच्या कंबरेला मागून काहीतरी जड बांधलंय आणि ते त्याला घेऊन निघालेत. मणक्याच्या ऑपरेशनमुळे असेल, असं मी आधी समजलो. पण ती चाल ऑपरेशनच्या कितीतरी आधीची होती. इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात चैत्रात खंडोबाची जत्रा भरते, आणि त्या दिवशी बारा गाड्या ओढायचा मान आबांच्या घराण्याचा. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागं एक जोडायच्या, त्यांत माणसं बसवायची, पहिल्या गाडीचा दोर मानकऱ्याच्या कंबरेला बांधायचा, आणि भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यातून त्यानं एकट्यानं पारापासून देवळापर्यंत न्यायच्या. आबांच्या आजोबांनी नेल्या, वडिलांनी नेल्या आणि वडील गेल्यावर आबांनी.

"देव वढतो," आबा म्हणायचे. "आपुन नुसतं म्होरं चालायचं."

हे ते फुशारकीनं म्हणत नसत आणि नम्रतेनंही नाही. मोटर चालू केली की पाणी येतं, हे सांगावं तसं सांगायचे. मी एकदा घाबरत घाबरत विचारलं होतं, "कॉलेजात मुलं म्हणतात, मागून लोक ढकलतात." त्यावर आबा चिडले नाहीत. "मागं बाया बसल्याल्या असत्यात लेकरं घिऊन," ते म्हणाले. "त्या ढकलत्यात व्हय?"

मी कऱ्हाटी गावचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि बारामतीत एका मावशींच्या माडीवर राहत होतो. माझ्याबरोबरचा मुलगा कॉलेज सोडून गेला होता. घरी आम्ही सगळे एका खोलीत झोपायचो. तिथून आल्यावर समोरची रिकामी कॉट मला रोज नवीच वाटायची. दिवाळीनंतर मावशींनी त्या कॉटवर आबांना आणलं. पंचेचाळिशीचा माणूस, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या आत डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा. ट्रंक मागून रिक्षावाला घेऊन चढला, कारण वजन उचलायला बंदी होती. ट्रंक ठेवून तो निघून गेला तरी आबा तिच्याकडे बघत उभे होते. कुणी तरी आपलं काम केलं, ही गोष्ट त्यांना लागली होती.

विहिरीतला पंप वर काढताना त्यांच्या मणक्यातली गादी सरकली होती. डावा पाय बधिर झाला, मग पुण्यात ऑपरेशन झालं. गावाकडून रोज एस.टी.चे हिसके खात येण्यापेक्षा बारामतीतच राहून दवाखान्यात शेक घ्यायचा, असं घरी ठरलं होतं. निदान घरच्यांना तसं माहीत होतं.

"गाडं वढताना कंदी कुसळ टोचलं न्हाय," आबा म्हणाले. "पंप काढाया गेलो आन् बसलो. पंप काढताना देव न्हवता ना."

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला भिंतीत खिळा ठोकायला लावला आणि त्यावर खंडोबाची छोटी तसबीर अडकवली. हात जोडले. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमी न्हाय व्हय जोडत?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणालो आणि आता हे काय बोलतील म्हणून खाली बघत राहिलो.

"मंजी खंडोबाचं तुमच्या घरात कायच न्हाय?"

"नाही."

"बरं झालं," आबा म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले.

त्यात बरं काय झालं, हे मला आठवडाभर कळलं नाही. मग एका दुपारी दवाखान्यातून आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, जरा कडी लाव." मी सारखा वाचत बसायचो म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं आणि त्याबरोबर 'तुमी'चं 'तू' झालं होतं. मी कडी लावली. त्यांनी खिडकीला गोणपाट अडकवलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मला तालीम शिकिव."

त्या गावच्या माणसाला यात केवढं मोठं काही आहे ते लगेच कळेल. मला ते आबांनी समजावून सांगितलं. जत्रेआधी मानकऱ्यानं एक वेळ जेवायचं, जमिनीवर निजायचं, अनवाणी राहायचं. ताकद मात्र कमवायची नाही. लहानपणी आबा एकदा हौसेनं गावच्या तालमीत गेले होते. वडिलांनी तिथून अंगावरच्या मातीसकट ओढत घरी आणलं. "दंड कमावशील आन् उद्या म्हणशील, म्या वढलं," असं वडील म्हणाले होते. त्यानंतर आबांनी आयुष्यात एक जोर काढला नव्हता. मानकऱ्याला व्यायाम करताना कुणी बघितलं असतं तर देवाचा भरवसा सोडला असाच अर्थ झाला असता.

"पायात मुंग्या येत्यात मास्तर," आबा म्हणाले. "ही कंबार माझी ऱ्हायली न्हाय. औंदा दोर बांधला आन् गाडं हाललंच न्हाय तर? भावकी पाडव्याला बसणार हाय. धाकटा चुलतभाऊ म्हणतोय, आबाच्यानं न्हाय व्हायचं, म्या उपास धरतो. एकदा मान त्याच्या दारात गेला की गेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उचलायचं न्हाय म्हणलं. वाकायचं न्हाय म्हणलं. वढायचं न्हाय असं कुटं म्हणलं?"

"तुम्ही विचारलं का?"

"इचारलं असतं तर म्हणलं असतं की!"

मला स्वतःला काही येत नव्हतं. शाळेत पी.टी.च्या तासाला मी मागच्या रांगेत उभा राहून पुढच्याचं बघून हात हलवायचो. म्हणून मी म्हणालो, आधी दवाखान्यातल्या शेक देणाऱ्या बाईंनी सांगितलंय ते करू. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि कंबर हळूच वर उचलून धरायची. आबांना हसू आलं. "ही तर बाळंतिणीची कसरत!" ते सतरंजीवर झोपले, दात आवळले, आणि कंबर जमिनीपासून वीतभरही उठली नाही. पुन्हा केलं. कपाळावर घाम आला, छपराच्या पत्र्याकडे बघत ते तसेच पडून राहिले. बारा गाड्या ओढणारा माणूस. मग म्हणाले, "मास्तर, ह्येच जमंना की रे."

सुरुवात अशी झाली. पुढे थंडी वाढत गेली तशी कंबर उठायला लागली. मग खिडकीचा गज धरून बैठका, मग कॉटच्या कडेवर हात टेकून जोर, मग खाली उतरून. जोर काढताना दंडांपेक्षा त्यांचं लक्ष डाव्या पायाकडे असायचं. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या की थांबायचं, असं आम्ही ठरवलं होतं. मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या तरी आबा थांबायचे नाहीत, आणि मी "थांबा ना आबा" एवढंच म्हणत राहायचो. बाजाराच्या दिवशी मात्र सगळं बंद. त्या दिवशी गावचं कुणीही माडीवर येऊन टपकेल, ही धास्ती असायची.

व्यायामाआधी ते तसबिरीवर आपला टॉवेल टाकत. "देवाला दिसू नये म्हणून?" मी विचारलं.

"त्याला काय दिसायचं ऱ्हायलंय?" आबा म्हणाले. "मला त्यो दिसू ने म्हणून."

माघात आबांनी ओढायला घेतलं. गोणपाटाची जाड घडी करून त्यांनी कंबरेला बांधायचा पट्टा शिवला, त्याला दोर लावला, आणि दोराचं दुसरं टोक एका भरल्या पोत्याला. पोत्यावर मी. हातात पुस्तक. आबा समोरच्या भिंतीकडे झुकायचे, आधी काहीच व्हायचं नाही, मग फरशीवर पोतं खरखर करत सरकायला लागायचं. भिंत आली की आम्ही दोघं उलटे फिरायचो. त्या वर्षीचं अर्थशास्त्र मी बरंचसं असं बसल्या जागी खोलीभर फिरून वाचलं आहे.

एक दिवस जिन्यातून मावशींचा आवाज आला. "अवो आबा, रोज दुपारचं ती कॉट कुटं निघतीया?"

आबा दोर धरून जागच्या जागी थिजले. "ऊन येतंया मावशी. सावलीला घेतोय जरा!"

"खिडकीला तर पोतं लावलंय की तुमी!"

मावशी पुटपुटत खाली गेल्या. मग आबांना हसू फुटलं. एका हातानं तोंड आणि दुसऱ्या हातानं कंबर धरून ते भिंतीशी खाली बसेपर्यंत हसले. आबांना असं हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. त्या अधूनमधून इंदापूरच्या गाडीनं यायच्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मलाही वेगळं फडकं बांधून आणायच्या. काकूंना भावकीचा फार राग यायचा. "म्या सांगितलं त्येन्ला," त्या म्हणाल्या, "गाडं देव वढतो. देवाची कुटं गादी सरकलीया?" मग आबांना पालथं झोपवून त्यांनी पाठीवरच्या त्या लांब व्रणावर भंडारा चोळला. कंबरेवर लाल वळ दिसले तसा त्यांचा हात थांबला.

"ह्ये वो काय?"

"पट्ट्याचं," आबा उशीत तोंड ठेवून म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पट्टा डॉक्टरांचा की गोणपाटाचा, एवढंच त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी वळांवरही भंडारा लावला. त्या गेल्यावर आबांनी त्या दिवशी कडी लावायला सांगितलं नाही. गोणपाट घडी करून कोपऱ्यात तसंच राहिलं.

"काकूंना सांगायचं होतं," मी म्हणालो. "त्यांनी समजून घेतलं असतं."

"तिच्यापाशी तरी देव ऱ्हाऊ दे मास्तर," आबा म्हणाले.

शिमग्याच्या आधी एकदा फार वाईट झालं. पोतं अर्ध्यावर आलं होतं आणि आबांचा डावा पाय एकदम खचला. ते गुडघ्यांवर आणि मग कुशीवर पडले. चेहरा पांढरा पडला होता. मी मावशींना हाक मारायला उठलो तर त्यांनी माझा पाय धरला. "नगं. दवाखान्यात सांगावं लागंल मग." ते उठू शकत नव्हते आणि मला त्यांना उचलता येत नव्हतं. पत्रा तापलेला होता, खाली रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरचा धडधडाट चालला होता. काय करावं ते न कळून मीही त्यांच्या शेजारी फरशीवर आडवा झालो.

"मास्तर," ते म्हणाले, "तुला देव न्हाय. तुला खरं सांगाया कुटं अडत न्हाय. म्हणून इचारतो. इतकी वर्सं ते गाडं कुनी वढलं?"

कॉलेजातल्या कुठल्याही मुलानं याचं उत्तर पटकन दिलं असतं. पण आबा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेला दोन्हीपैकी कुठलंही उत्तर देणं मला जमलं नसतं.

"मला नाही सांगता येणार आबा."

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी न्हाय येत. पैलं येत हुतं."

संध्याकाळी ते भिंतीला धरून उठले. मला वाटलं, आता हे थांबेल. चार-पाच दिवस त्यांनी बाळंतिणीची कसरत केली, न हसता, न बोलता. मग पुन्हा, "मास्तर, कडी लाव." आणि शिमगा झाल्यावर ते मला पोत्यासकट ओढताना मध्ये थांबेनासे झाले. मीच कॉटवरची माझी वळकटी आणि मावशींचा पाटा पोत्यावर ठेवला, तरी पोतं भिंतीपर्यंत गेलं. आबांचं अंग आता बघण्यासारखं झालं होतं. मांड्या भरल्या होत्या, पाठीवरच्या व्रणाच्या दोन्ही बाजूंना मांस चढलं होतं. पण ओढून झाल्यावर ते खूश व्हायचे नाहीत. दोर सोडून तसबिरीवरचा टॉवेल काढताना त्यांचा चेहरा घरी न सांगता कुठेतरी जाऊन आलेल्या माणसासारखा असायचा.

पाडव्याच्या आधी ते गावाला निघाले. भावकीसमोर उभं राहून, उपास मीच धरणार, असं सांगायचं होतं. ट्रंक त्यांनी स्वतः उचलली, मला हात लावू दिला नाही. खाली मावशी म्हणाल्या, "आबा, चांगलं ठणठणीत झाला की! शेक मानवला." आबा मान डोलवून पुढे झाले. गोणपाटाचा पट्टा त्यांनी खोलीतच ठेवला होता.

स्टँडवर इंदापूरची गाडी लागलेली होती. मी म्हणालो, "जत्रेला येतो मी."

"येऊ नगं."

मला वाटलं, माझ्या जातीचं काही असेल. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण आबांनी लगेच माझा खांदा धरला. "तसलं काय न्हाय रं येड्या. गर्दीत तू दिसलास तर मला पोतं आठवंल. त्या दिशी मला देवच आठवू दे." मग म्हणाले, "आला पायजे त्यो. म्या एवढं केलं म्हणून त्यानं घरी बसू ने."

गाडी गेली. माझी परीक्षा चैत्रातच होती. जत्रेच्या दिवशी मी पुस्तक उघडून बसलो आणि दिवसभर एकच पान बघत राहिलो. दुपार कलली तेव्हा मनात आलं, आता दोर बांधला असेल. ज्या देवाला आमच्या घरानं कधीच निरोप दिला त्याच्याकडे त्या वेळी मी काही मागितलं का? मागितलं असावं. खिळ्यावर तसबीर नव्हती, ती आबांनी बरोबर नेली होती. मी रिकाम्या खिळ्याकडे बघून मागितलं असावं.

आबा परत आले नाहीत. दवाखान्यातही आले नाहीत. मी जाऊन विचारून आलो. काकूही आल्या नाहीत. समोरच्या कॉटवर मावशींनी पुढच्या वर्षी डिप्लोमाचा एक मुलगा ठेवला. तो चांगला होता, पण त्याचं आणि माझं बोलणं चहापुरतं. दुपारी मला उगाच कडी लावावीशी वाटायची. त्यांच्या गावाला जाऊन यावं असं कितीदा मनात आलं. एकदा तर इंदापूरच्या गाडीत बसून पुढच्या थांब्यावर उतरलो. मी दिसलो की त्यांना पोतं आठवेल, याच्यापुढे माझं पाऊल जात नव्हतं.

बी.ए. झाल्यावर एका शाळेतल्या कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला इंदापूरला गेलो होतो. उन्हाळा होता. स्टँडबाहेर रसवंतीच्या बाकावर शेजारी एक माणूस बसला होता, कपाळावर वाळलेला भंडारा. कुठून आलात, म्हणून विचारलं तर जत्रेहून निघालो म्हणाला, आणि आबांच्याच गावचं नाव घेतलं. माझ्या हातातला ग्लास मी बाकावर ठेवला. त्या वर्षी आबांच्या गाड्या गेल्या का, असं विचारलं.

"गेल्या की!" तो म्हणाला. "पार देवळापत्तुर गेल्या. आमचा वरडून वरडून घसा बसला. पन त्या मानसाला गर्व झाला वो."

"गर्व?"

"दोर सुटला. पुजारी भंडारा लावाया म्होरं आला तर ह्यो मागं सरला. म्हणला, मला नगं, औंदा देव न्हवता. मग दोर उचलून चुलतभावाच्या हातात दिला आन् तसाच अनवाणी मळ्याकडं निघून गेला. तवापासनं चुलतभाऊच वढतो."

"आणि आबा?"

"असत्यात मळ्यात. उघड्यावर, अंगणात, सकाळचं जोर काढत्यात. पोरंटोरं बघाया जात्यात. बायकू म्हणती, देव हुताच, ह्येन्लाच दिसला न्हाय. ती रोज त्येंच्या नावानं देवळात दिवा लावती. ह्ये काय फिरकत न्हाईत."

तो गर्व नव्हता, हे मला त्याला सांगायचं होतं. पण कुठून सुरू करावं ते कळेना, आणि त्याची गाडी लागत होती. मी एवढंच विचारलं, की देव नव्हता एवढंच म्हणाले, की आणखी काही.

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि आठवायला थांबला.

"म्हणला की. म्हणला, म्या लई वाट बघितली. दोर बांधल्यापासनं बघितली, वळणापत्तुर बघितली. कुनी आलं न्हाय. मग म्या एकट्यानंच वढलं."